मशीनच्या तोंडावर कोण बसणार

खंडेनवमीच्या सकाळी मळणीचं मशीन धुऊन-पुसून अंगणात उभं होतं आणि शिवहार त्याला झेंडूची माळ घालत होता. माळ सारखी घसरत होती, कारण ती जिथं अडकवायची तो पत्रा उतरता होता. कापलेल्या सोयाबीनची कवळ, म्हणजे कवेत मावेल एवढा पेंढा, तिथूनच आत सारायची, म्हणून त्याला सगळे मशीनचं तोंड म्हणत. मागच्या हंगामात याच तोंडानं मळणीला येणाऱ्या खेमाच्या उजव्या हाताची तीन बोटं घेतली होती. त्यावर घराचा आणि गावाचा एकच निकाल झाला होता: त्या वर्षी मशीनला नुसता नारळ फोडला, बोकड दिला नाही, म्हणून मशीननं आपला मान आपणच घेतला. निकाल मोठा सोयीचा होता, त्यात कोणाचंच काही चुकलेलं नव्हतं. या वर्षी लिंबाला एक काळा बोकड बांधला होता आणि तो बापडा निवांत पाला खात होता.

बोकडाची सोय झाली होती, माणसांची झाली नव्हती. तांड्यावरची टोळी या घराच्या मशीनवर पहिल्यापासून यायची, पण खेमाच्या हातानंतर टोळीचा नाईक थावरा गोरेगावच्या बाजारात शिवहारला बघून दुसऱ्या गल्लीत वळला होता. आज त्यांना जेवायला बोलावणं धाडलं होतं. येतो म्हणाले होते. कामावर येतो असं मात्र कोणी म्हणालं नव्हतं.

आणि शिवहारच्या म्हाताऱ्या बापानं, मसाजीनं, सकाळीच ओसरीवरून जाहीर करून टाकलं होतं, "टोळी येवो न येवो, तोंडावर मी बसनार. दुसऱ्या कोनाच्या जिवाला घोर नको."

ते ऐकल्यापासून शिवहारच्या बायकोचं, अंजलीचं, स्वयंपाकात लक्ष नव्हतं.

"आत्या, मामाला आज कोणीतरी सांगायला पाह्यजे," ती चुलीपुढून म्हणाली.

तिच्या सासूबाई, सत्यभामाबाई, लसूण सोलत होत्या. "काय सांगायचं?"

"तुमाला ठाऊक हाय."

ठाऊक होतंच. मसाजीच्या हातांची जाण गेली होती. उन्हाळ्यात बाभळीचा काटा तळव्यात मोडला, आत पिकला, तरी त्यांना पत्ता नव्हता. सेनगावच्या डॉक्टरनं साखरेचा आजार सांगितला, गोळ्या दिल्या, आणि शिवहारनं बापाला, आबांना, सांगितलं की ताकदीच्या गोळ्या आहेत. हे सगळं काट्यामुळं उघड झालं, पण अंजलीला आधीच माहीत होतं. मागच्या हंगामात ती कवळ उचलून द्यायची आणि मामा ती आत सारायचे. पेंढा संपून मशीनची पाती जवळ आली तरी हात पुढंच चाललेला तिनं पाहिला होता. एकदा नाही, तीनदा. तीनही वेळा तिनं बाही धरून ओढलं होतं आणि काहीतरी थाप मारली होती. तिसऱ्या वेळी, ढग भरून आले होते त्या दिवशी, तिनं मामांना 'आत्यांनी घरी बोलावलंय' म्हणून पाठवून दिलं. त्यांच्या जागी शिवहारनं खेमाला वर चढवलं. खेमा सकाळपासून सुडी, म्हणजे पिकाची गंजी, उपसत होता. पुढचं सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे.

"मी सांगू का?" अंजली म्हणाली.

"खबरदार!" सत्यभामाबाईंनी लसणाची पाकळी सुपात आपटली. "तू तवा या घरात आली न्हवतीस, म्हनून तुला सोपं वाटून राह्यलं. गायरानं मोडली, जो तो सोयाबीन पेरू लागला, मेंढरं चारायला जागा ऱ्हायली न्हाई म्हनून इकली. त्या दिवसापासून सा महिने हा मानूस त्या ओसरीवरून उठला न्हवता. भाकर समोर ठेवली तर खायचा, न्हाई ठेवली तर मागायचा न्हाई. मशीन आलं, शिवहारनं हाताला धरून तोंडावर बसवलं, तवा पुन्ना मानसात आला. आता तिथून उतरवशील तर कुठं बसवशील?"

अंजलीनं चुलीत लाकूड सारलं. तिला मामांचा हात वाचवायचा होता आणि आत्यांना अख्खा माणूस. दोघी एकाच माणसासाठी भांडत होत्या आणि दोघींचंही खरं होतं.

"मंग हात गेला तर?"

"झाकली मूठ झाकलेली ऱ्हाऊ दे," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि डोळे पुसून लसणाला दोष दिला.

शिवहारचा धाकटा भाऊ अंगद नांदेडहून आदल्या दिवशीच आला होता. तिथं एका कारखान्यात तो फिटर होता. येताना त्यानं पिवळ्या रंगाचा एक फलक आणला होता. त्यावर लाल अक्षरांत 'सावधान' आणि खाली फुल्ली मारलेला पंजा. तो पंजा बघून सत्यभामाबाईंनी, 'हे कोनत्या पक्षाचं आनलंस?' असं विचारलं होतं. तेव्हापासून अंगदचा अर्धा उत्साह गेला होता.

दुपारी टोळी आली. थावरा पुढं, मागं खेमा, त्याच्या मागं पाच-सहा बाप्ये आणि बाया, आणि थावराची नवी सून निलम. खेमानं उजवा हात धोतराच्या सोग्यात गुंडाळून धरला होता. मसाजीनं उठून थावराला घोंगड्यावर जागा दिली. पाणी झालं, चहा झाला, पाऊसपाणी झालं. मशीनकडं पाठ करून सगळे बसले होते.

अंगदनं फलक लिंबाला टेकवला आणि बोलायला सुरुवात केली. सैल कपडे घालू नये. ओला माल हातानं रेटू नये. चालू मशीनच्या पट्ट्याजवळ जाऊ नये. बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की आपला आवाज आपल्या साहेबासारखा येऊन राहिला आहे, अगदी मधेच खाकरण्यासकट.

"समजलं ना सगळ्यांना?"

"व्हय साहेब," थावरा म्हणाला.

याच थावरानं लहानपणी त्याला खांद्यावर बसवून सेनगावचा बाजार दाखवला होता. 'अंगद्या' म्हणायचा. साहेब हा शब्द अंगदला चांगलाच झोंबला.

"काका, खरं सांगतो," तो खाली बसत म्हणाला. "आमच्या कारखान्यात बी असंच व्हायचं. साहेब बोलायचा, आमी माना हालवायचो, आन् महिन्याला कोनाचं तरी बोट जायचं. मंग एक नवा साहेब आला. त्यानं एका मशीनवरचे सगळे एका जागी बसवले आन् म्हनला, मी काही सांगत न्हाई, तुमीच एकमेकाला सांगा, कोन कुठं मरता मरता वाचला. तवा कुठं आमाला आमचंच मशीन कळलं."

"मंग तसं करू की," शिवहार म्हणाला.

"करू. पन दादा, तू जरा बाहीर बस. आमचा सुपरवायझर बाहीर बसायचा."

"माझ्या अंगनात मीच बाहीर?" शिवहार उसळला. "मशीन माझं, बोकड माझा, आन् मलाच बाहीर काढून राह्यला? वर्षातून दोनदा घरी येनार आन् आल्या आल्या भावाला शानपन शिकवनार!"

"मालकापुढं कोन बोलंल रे?" अंगद म्हणाला.

"आमी काही वाघ हाओत का?"

टोळी खाली मान घालून भावांचं भांडण ऐकत होती. खेमा एकदम म्हणाला, "बोकड काहून बांधला शिवहारभाऊ? मशीनचा मान तर झाला की. तीन बोटं दिली." तो हसला. बाकी कोणी हसलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात अंजलीच्या हातातलं पळीवाढं तसंच राहिलं.

मसाजी लिंबाकडं बघत होते. दोन्ही पोरांकडं त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांना दिसत होतं गायरानातलं मेंढरांचं वाडगं, ओल्या लोकरीचा वास, कुत्र्यांचं घुटमळणं आणि तीन दगडांच्या चुलीवर शिजणारं कोरड्यास. पन्नास वर्षांपूर्वीची ती सांज त्यांना कालची वाटे आणि कालची सांज मात्र आठवत नसे.

"वाडग्यावर मालक आतच बसायचा," ते म्हणाले.

सगळे त्यांच्याकडं बघू लागले.

"माझा बाप मालक होता. मेंढरं वाडग्यात घातली की भाकर हातात घ्यायच्या आधी ज्यानं त्यानं सांगायचं, आज लांडगा कुठं दिसला. दिसला न्हाई तर पाय कुठं दिसला. डोळा लागला असंल तर कुठं लागला. धाकट्यापासून सुरू करायचं, म्हातारा शेवटी. म्हातारा आधी बोलला की बाकीचे त्याचंच बोलतेत."

"आन् डोळा लागला म्हनलं तर मार बसत असंल," थावरा म्हणाला.

"न्हाई! तीच तर गंमत हाय. सांगितलं त्याला अर्ध्या शब्दानं बोलायचं न्हाई. बापानं बी न्हाई, मालकानं बी न्हाई. लपवलं आन् मंग मेंढरू गेलं, तर त्याला बोलायचं."

"एवढं साधं न्हवतं हो," दारातून सत्यभामाबाई म्हणाल्या. मेंढरांची गोष्ट निघाली आणि त्या गप्प बसल्या असं कधी झालं नव्हतं. "मी नवी नवरी असताना नाल्याला झोपले आन् उठले तर लांडगा माझ्या आन् कोकराच्या मधी उभा. सांजच्याला कापत कापत सांगितलं. मामंजी बोलले न्हाईत, पन हे सोता चार दिवस हसून राह्यले होते."

"हसायला बंदी न्हवती," मसाजी म्हणाले, आणि त्या अंगणात सकाळपासून पहिल्यांदा सगळे हसले.

थावरानं तंबाखूची चंची काढली. ती काढली म्हणजे तो बसणार हे मसाजीला ठाऊक होतं. "तांड्यावर आमचा बी नसाब बसतो, पंचायत म्हना, पन तिथं भांडनं निघतेत. हे बरं हाय. घ्या, शिवहारभाऊला बी बसू द्या. पन तुमी जामीन, मसाजीभाऊ. आमचं मानूस बोललं आन् उद्या त्याला कामावरून काढलं, असं व्हायचं न्हाई."

"मी जामीन. माझ्या बापाचा नेम हाय तो."

सगळ्यांत धाकटी निलम. तिनं सासऱ्यापुढं बोलायचं म्हणजे पंचाईतच. थावरानं पाठ फिरवली, तेव्हा ती बोलली. मशीनच्या मागून कुटार, म्हणजे भुसा, उडतं ते ओढायला ती असते. धुळीनं डोळे मिटतात. मागच्या वर्षी, लग्नाआधी, माहेरच्या मशीनवर ती डोळे मिटून चालली आणि पट्ट्याचा वारा कानाला लागला. "कोनाला सांगितलं न्हाई. म्हनले असते, कामाला नवी हाय, भेते."

"मला बी लागलाय तो वारा," मागून एक बाई म्हणाली. मग दुसरी म्हणाली. पट्ट्याच्या बाजूनं कोणी जाऊ नये म्हणून तिथं आडवा बांबू बांधावा, असं त्या तिघींनीच आपसात ठरवून टाकलं. अंगदनं तोंड उघडलं होतं, ते त्यानं मिटलं.

शिवहारची पाळी आली. तो मशीनकडं वळला. "ढग आले की माझं डोकं फिरते," तो म्हणाला. "मी वरडतो. त्या दिवशी माल ओला होता. तोंडात तुंबत होता. मी ट्रॅक्टरवरून वरडलो, रेट म्हनून. मशीन थांबवायला पाह्यजे होतं." एवढं बोलून त्यानं टोपी काढली आणि परत घातली.

खेमानं सोग्यातून हात बाहेर काढला. अंगणातल्या पुष्कळांनी तो हात तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला.

"तुमी वरडले ते खरं," तो म्हणाला. "पन सकाळपासून सुडी उपसून माझे हात भरून आले होते. उतरतो म्हनायला पाह्यजे होतं. म्हनलो न्हाई. तोंडावर बसनं म्हनजे मानाचं काम. मसाजीभाऊची जागा. एकदा मिळाली आन् मी थकलो म्हनून उतरू? लाज वाटली."

"कोनीबी थांब म्हनलं की मशीन थांबलं पाह्यजे," थावरा म्हणाला. "काहून थांबवलं ते नंतर इचारायचं."

"आन् तोंडावर एकच मानूस दिवसभर नको," खेमा म्हणाला. "पाळीपाळीनं. जो थकला तो उतरंल, लाज न्हाई."

"तोंड लांब करता येईल," अंगद हळूच म्हणाला. "पत्रा हातभर वाढवला तर हात पात्यापर्यंत पोचतच न्हाई." या वेळी त्याला कोणी साहेब म्हणालं नाही. "उद्याच वाढव की मंग, अंगद्या," थावरा म्हणाला, आणि अंगदला नोकरी लागल्यासारखा आनंद झाला.

"झालं का सगळ्यांचं?" मसाजीनं विचारलं. "मंग माझी पाळी. तोंडावर पाळीपाळीनं बसा, पन पहिली पाळी माझी. मुहूर्ताला..."

"माझं ऱ्हायलं मामा."

अंजली दारातून पुढं आली होती. डोक्यावरचा पदर तिनं दोन्ही हातांनी धरला होता. सहा वर्षांत ती सासऱ्यापुढं इतक्या माणसांत कधी बोलली नव्हती. काय बोलणार हे तिला माहीत होतं, कसं बोलणार हे माहीत नव्हतं. पाठीमागून आत्यांनी तिचा पदर ओढला.

"अंजली, आत जा," शिवहार म्हणाला.

"ती बी मशीनवर असते की," मसाजी म्हणाले. "बोल."

"आबा, तिला काही..."

"शिवहार, तुझी पाळी झाली. बोल पोरी. लांडगा कुठं दिसला?"

अंजलीनं जमिनीकडं बघत सांगून टाकलं. "मामा, तुमच्या हाताला कळत न्हाई. मागच्या हंगामात तीनदा तुमचा हात पात्याला लागता लागता मी ओढला. तुमाला म्हनले, बाहीवर इंचू हाय, गोम हाय. तिसऱ्यांदा मी भेले आन् थाप मारून घरी पाठवलं. म्हनून खेमाभाऊला वर बसावं लागलं. खेमाभाऊ, तुमची बोटं माझ्या थापेपायी गेली. तवाच खरं बोलले असते तर मशीन थांबलं असतं. मामा, तुमी तोंडावर बसू नका. पहिल्या पाळीला न्हाई, कोनत्याच पाळीला न्हाई. माझ्या हातात कवळ उचलायचं बळ हाय, तुमचा हात तुटून पडताना बघायचं न्हाई."

बोकड पाला संपवून माणसांकडं बघत होता. सत्यभामाबाईंना वाटलं, आता हा माणूस उठून ओसरीवर जाईल आणि भिंतीकडं तोंड करून पडेल, आणि या वेळी त्याला उठवायला कोणतंच मशीन येणार नाही.

मसाजीला आधी राग आला. सुनेनं चारचौघांत, तांड्याच्या माणसांपुढं आपल्याला म्हातारं ठरवलं. तो राग गळ्यापर्यंत आला आणि तिथं त्यांना त्यांचा बाप आडवा आला. आपणच तासापूर्वी बापाचा नेम सांगून जामीन राहिलो होतो. दुसऱ्यांसाठी काढलेला नेम एवढ्या लवकर आपल्याच दारात उभा राहील, असं कोणाला वाटतं?

"तुला बोलायचं न्हाई," ते शेवटी म्हणाले. "कोनी तिला अर्ध्या शब्दानं बोलायचं न्हाई. शिवहार, ऐकलंस?"

"व्हय आबा."

"आता म्हाताऱ्याची पाळी. गोम न्हवती, ते मला तवाच कळलं होतं. मी मेंढरातला मानूस, बाहीवर गोम हाय का न्हाई ते मला कळनार न्हाई? दोन साल झाले, बोटं माझी ऱ्हायली न्हाईत. मेंढरू दिलं तरी हाताला लोकर कळनार न्हाई. सांगितलं असतं तर तुमी खाली उतरवलं असतं. खाली काय हाय मला?" ते खेमाकडं वळले. "खेमा, पोरीची थाप न्हाई रे. लपवलं मी."

खेमा उठला. त्यानं आपला तुटका हात मसाजीच्या खांद्यावर ठेवला आणि तसाच उभा राहिला. मसाजीला खांद्यावर मात्र तो हात बराबर कळला.

दसरा झाला की टोळी येणार, हे थावरानं वेगळं सांगितलं नाही. त्यानं फक्त चंची गुंडाळून कमरेला खोचली आणि 'मटन कवा शिजायचं?' असं विचारलं. बोकड काही सुटला नाही. माणसं शहाणी झाली म्हणून बोकडाचं नशीब बदलत नसतं. फलक अंगदनं घडी करून ठेवावा म्हटलं तर तो पत्र्याचा होता, म्हणून सत्यभामाबाईंनी तो कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला.

पंगत उठली तेव्हा उन्हं उतरली होती. माणसं हात धुवायला एकेक करून न्हाणीच्या दगडाशी येत होती आणि अंजली चुलीवरच्या घंगाळातून पाणी काढून प्रत्येकाच्या हातावर घालत होती. मसाजी सगळ्यांत शेवटी आले. दोन वर्षांत ते हात धुवायला कधी कोणापुढं थांबले नव्हते, आपलं आपण उरकून घेत. आज त्यांनी दोन्ही हात पुढं केले. अंजली पाणी घालणार तोच ते म्हणाले, "थांब."

ती थांबली. दारात सत्यभामाबाई थांबल्या.

"पोरी, पानी ऊन हाय का गार?"

अंजलीनं पाण्यात बोट बुडवून पाहिलं. "लई ऊन हाय मामा," ती म्हणाली. "थांबा, गार घालते."

ती रांजणाकडं गेली. मसाजी हात तसेच पुढं धरून उभे राहिले.